बी मेलंय की झोपलंय? उन्हाळी भाताचा एक लॉट आणि जीए-३ची मर्यादा

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातला, राजनाला या कालव्याच्या पाण्यावर घेतलेला उन्हाळी भाताचा लॉट. निमगरवी (मध्यम मुदतीची), अर्धबुटकी जात. ३० किलोच्या ४० गोण्या, म्हणजे १२ क्विंटल. मळणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाली, त्यावर दोन कडक उन्हं दिली आणि माल पत्र्याच्या गोदामात गेला. हेच बी खरिपात राबावर (भाजून तयार केलेल्या रोपवाटिकेच्या जागेवर) टाकायचं होतं. मळणी ते पेरणी जेमतेम महिनाभर. हेक्टरी ४० किलो धरलं तर हे ३० हेक्टरांचं बी.

गटातल्यांनी घरीच ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून पाहिले. आठवड्याभरात पंधरा-वीस दाण्यांनाच मोड आले. मग १८ मेला गटप्रमुख नमुना घेऊन कर्जत लोकलने मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आले. सोबत दुकानातून आणलेली संजीवकाची, म्हणजे वाढीवर परिणाम करणाऱ्या जिबरेलिक आम्लाची (जीए-३ची) बाटलीही होती. प्रश्न सरळ होता: "मॅडम, बी मेलंय का झोपलंय तेवढं सांगा. मेलं असेल तर आत्ताच दुसरं बघायला लागेल. आणि झोपलं असेल तर ही बाटली चालेल का?"

(प्रकरण नमुन्यादाखल बेतलेलं आहे. या लॉटचे उगवणीचे आकडे हिशेब दिसावा म्हणून घेतले आहेत. द्रावणांची प्रमाणं, तापमानं आणि दिवस मात्र बीज परीक्षणात पाळतात तेच आहेत.)

पहिल्या दोन दिवसांत काय कळतं

नमुना दोन पिशव्यांत हवा. उगवणीसाठी कापडी पिशवी, आणि ओलाव्यासाठी हवाबंद प्लास्टिकची वेगळी छोटी पिशवी. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत कापडी पिशवीतलं भात दोन दिवसांत ओलावा ओढून घेतं आणि मग गोदामातल्या मालाचा ओलावा कळायला मार्गच उरत नाही. इथे ओलावा १२.४ टक्के भरला. भाताच्या प्रमाणित बियाण्याची मर्यादा १३ टक्के, म्हणजे माल पुरेसा वाळलेला होता. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते, कारण उष्णतेची प्रक्रिया ओल्या बियाला दिली तर ते झोपेतून उठत नाही, मरतं.

मेलं की झोपलं, याचं उत्तर उगवण चाचणीआधी टेट्राझोलियमची रंगचाचणी देते. शंभराचे चार गट करून दाणे १८ तास पाण्यात भिजवले, प्रत्येक दाणा गर्भाच्या मधून उभा चिरला, आणि १ टक्का टेट्राझोलियम क्लोराइडच्या द्रावणात ३० अंशांवर दोन तास अंधारात ठेवला. द्रावणाचा सामू (पीएच) ६.५ ते ७.५ हवा. ते आम्लधर्मी झालं तर जिवंत गर्भसुद्धा फिका राहतो आणि चांगल्या लॉटला उगाच मृत ठरवलं जातं. जिवंत पेशी श्वसन करतात, त्यातल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) रंगहीन टेट्राझोलियमचं लाल फॉर्मझान बनतं. या लॉटमध्ये ९१ टक्के गर्भ पूर्ण लाल झाले.

म्हणजे २० मेच्या संध्याकाळपर्यंत अर्धं उत्तर हाती होतं. बी जिवंत आहे. फोनवर हे सांगितलं गेलं तेव्हा पलीकडून ताबडतोब दुसरा प्रश्न आला, "मग उठवायचं कसं?" आणि खरी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

भाताची झोप तुसात असते

ताज्या कापणीच्या तृणधान्यात सुप्तावस्था असणं हा दोष नाही. हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) भाताच्या लोंब्या परतीच्या पावसात आडव्या पडल्या की चार दिवसांत शेतातच मोड येतात, हे कोकणात कोणाला सांगायला नको. ज्या जातीचं बी काही आठवडे झोपतं, तिचा दाणा तेवढ्या पावसात वाचतो. अडचण होते ती उन्हाळी पिकाचं बी लगेच खरिपाला वापरायचं असतं तेव्हाच.

दाण्याच्या आत दोन संजीवकांची ओढाताण चालू असते. ॲबसिसिक आम्ल गर्भाला दाबून ठेवतं. जिबरेलिन त्याला जागं करतं. गर्भातून निघालेलं जिबरेलिन भ्रूणपोषाभोवतीच्या अल्युरोन थरापर्यंत पोचलं की त्या थरातून अल्फा-अमायलेज हे विकर सुटतं, पिठाची साखर होते आणि अंकुराला अन्न मिळतं. यावरून साहजिकच वाटतं की बाहेरून जिबरेलिक आम्ल, म्हणजे द्राक्षवाल्यांच्या भाषेत जीए, दिलं की काम झालं. गहू आणि जवाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण नियमांत जीए-३ सुचवलेलं आहे ते मुख्यतः ओट, जव, राय, ट्रिटिकेल आणि गहू यांच्यासाठी. भातासाठी तिथे पहिला उपाय दिला आहे तो ५० अंशांच्या कोरड्या उष्णतेचा.

कारण भाताची झोप मोठ्या प्रमाणात तूस आणि त्याखालच्या पातळ आवरणामुळे असते. भिजल्यावर तुसातली विकरं आणि फिनॉलसारखी द्रव्यं ऑक्सिजन खातात आणि गर्भापर्यंत तो पुरेसा पोचत नाही. ताज्या भाताचं तूस हलक्या हाताने सोललं तर तोच दाणा पुष्कळदा नुसत्या पाण्यावर मोड काढतो. मग दार बाहेरून बंद असताना आतल्या माणसाला हाका मारून काय उपयोग?

प्रयोगशाळेत मांडलेल्या सहा चाचण्या

एकाच नमुन्यातून या सहाही चाचण्या १९ मेला सुरू केल्या, प्रत्येकी ४०० दाणे, ओल्या टॉवेल पेपरात गुंडाळलेले ५० चे आठ रोल. तापमान १६ तास २० अंश आणि ८ तास ३० अंश. पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची चौदाव्या दिवशी.

जीए-३चं ०.०५ टक्के द्रावण, म्हणजे लिटरला ५०० मिलिग्रॅम, करताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली, शुद्धता. पाकिटावर ९० टक्के लिहिलं असेल तर लिटरसाठी ५०० नाही, ५५६ मिलिग्रॅम मोजायचे. दुसरी, विरघळवणं. भुकटी थेट पाण्यात टाकली तर वर तरंगते, काचेला चिकटते, आणि ढवळणारा वैतागून पाणी गरम करतो. उष्णतेनेच जीए खराब होतं. आधी थोड्या इथेनॉलमध्ये ती पूर्ण विरघळवायची, मग ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळत ढवळत थेंबाथेंबाने सोडायचं. तिसरी, साठवण. जीएचं पाण्यातलं द्रावण हळूहळू विघटित होत राहतं, अल्कलीत तर झपाट्याने, म्हणून ते त्याच दिवशी करून त्याच दिवशी वापरायचं. सौम्य झोपेला ०.०२ टक्के पुरतं, गाढ झोपेला ०.१ टक्क्यापर्यंत जाता येतं. ०.०८ टक्क्याच्या वर गेलं की साध्या पाण्याऐवजी फॉस्फेट बफर लागतं: लिटरला डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट डायहायड्रेट १.७७९९ ग्रॅम आणि सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट १.३७९९ ग्रॅम.

द्रावणात बी भिजवायचं नाही, टॉवेल पेपर भिजवायचा. कागद बुडवून उभा धरून निथळू द्यायचा. बोटाने दाबल्यावर बोटाभोवती पाण्याची कड दिसली तर तो जास्त ओला आहे. भाताच्या चाचणीत ही कड फार नुकसान करते, कारण पाण्याचा थर ऑक्सिजन अडवतो आणि प्रश्न मुळात ऑक्सिजनचाच असतो. नंतर कागद सुकायला लागला तर साधं पाणी शिंपडायचं, पुन्हा जीए नाही.

इथेनॉलचा एक नियंत्रण-संचही लावला होता: जीएच्या द्रावणात जेवढं इथेनॉल गेलं तेवढंच नुसत्या पाण्यात. हा संच न लावताच बरेच विद्यार्थी प्रकल्प पूर्ण करतात आणि मग उगवण जीएने वाढली की इथेनॉलने, हे सांगता येत नाही.

उष्णतेसाठी ओव्हनमध्ये ५० अंश, ५ दिवस. बी सुती पिशवीत, पातळ थरात, हवा खेळती. बंद डब्यात ठेवलं तर दाण्यांतून निघालेला ओलावा आतच कोंडतो आणि ते वाफवल्यासारखं होतं. ओव्हनच्या दर्शनी आकड्यावर विसंबू नये. खालचा कप्पा तापणाऱ्या कॉइलला जवळ असतो, तिथे वेगळा थर्मामीटर ठेवून पाहावं. ओलावा १३ टक्क्यांहून जास्त असेल तर आधी ३५ ते ४० अंशांवर वाळवून मगच ५० अंशांना हात लावायचा. हा संच २४ मेला ओव्हनमधून निघाला आणि त्याचा निकाल ७ जूनला लागला.

झोप मोडायचा आणखी एक उपाय म्हणजे नायट्रिक आम्लात भिजवणं. त्या संचासाठी ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) द्रावण, २० तास. सुमारे ७० टक्के तीव्रतेचं आम्ल साधारण १५.८ नॉर्मल असतं, म्हणून लिटर पाण्याला ६.३ मिलिलिटर. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. नंतर वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायचं. तूस पिवळसर पडतं, त्याची काळजी नको.

सामान्य रोपांचे टक्के असे आले:

साधं पाणी, तुसासकट: ४६
इथेनॉल-पाणी, तुसासकट: ४५
जीए-३ ०.०५ टक्के, तुसासकट: ६१
साधं पाणी, तूस सोलून: ८२
५० अंश ५ दिवस, मग साधं पाणी: ८७
५० अंश ५ दिवस, मग जीए-३: ८९

नायट्रिक आम्लाचा संच ८५ वर थांबला. तो वरच्या सहांत धरलेला नाही, कारण तो एक दिवस उशिरा लावला.

साध्या पाण्याच्या संचाची फोड जास्त बोलकी आहे: ४६ सामान्य रोपं, ४ अपसामान्य (मूळ, कोंब किंवा पान बिघडलेली), ४३ ताजे पण न उगवलेले दाणे आणि ७ मेलेले. हे ४३ आणि ते ७ वेगळे काढणं हे चिमट्याचं काम. चौदाव्या दिवशी दाणा चिमट्याने हलकेच दाबायचा. मेलेला दाणा पचकन बसतो, तुसाच्या फटीतून राखाडी, दुधट लगदा बाहेर येतो, बहुतेकदा त्यावर बुरशी असते. झोपलेला दाणा टणक लागतो, चिमटा घसरतो, आणि कागदावर चौदा दिवस काढूनही तो काल ठेवल्यासारखा स्वच्छ दिसतो. असे ताजे दाणे ५ टक्के किंवा जास्त असले तर ते जिवंत आहेत का हे टेट्राझोलियमने किंवा झोप मोडून तपासावंच लागतं. "उगवण ४६ टक्के" एवढंच लिहून अहवाल पाठवणं ही या बाबतीतली सर्वांत महागडी चूक आहे. भाताच्या प्रमाणित बियाण्याला किमान ८० टक्के लागतात, आणि ४६चा कागद पाहून १२ क्विंटल जिवंत बी गिरणीत जाऊ शकतं.

जीएचा ६१ कसा वाचायचा

पाण्यावर ४६ आणि जीएवर ६१. पंधरा टक्क्यांची वाढ म्हणजे जीए काही अगदीच निकामी नाही. पण तूस सोललेलं बी नुसत्या पाण्यावर ८२ देतं आणि तापवलेलं ८७, हे बाजूला ठेवलं की जीएची जागा कळते. या लॉटच्या झोपेचा मोठा हिस्सा तुसात होता, थोडा गर्भात. जीएने तो थोडा हिस्सा सोडवला. शेवटच्या संचातल्या ८९ आणि त्याआधीच्या ८७ मधल्या फरकाला तर अर्थच नाही. ४०० दाण्यांच्या चाचणीत ८८ टक्क्यांच्या आसपास नमुन्याची प्रमाण त्रुटीच (नुसत्या योगायोगाने पडणारा फरक) दीड टक्क्याहून जास्त असते. "उष्णता अधिक जीए सर्वोत्तम" असा निष्कर्ष काढायला इथे हात शिवशिवतात, म्हणून मुद्दाम सांगायचं.

जीएच्या रोलमध्ये आणखी एक फसगत आहे. सहाव्या दिवशी पाण्याचा आणि जीएचा रोल शेजारी शेजारी उलगडले तर फरक डोळ्यात भरतो. पाण्यावरची रोपं बुटकी, हिरवी, मुळं जाड. जीएवरची रोपं लांबच लांब, फिकट, पहिलं पान दोऱ्यासारखं, रोल उलगडताच आडवी पडणारी. नवखा परीक्षक यांतली बरीच अपसामान्य धरतो आणि उगवण कमी लिहितो. उलट कोणी नुसती लांबी पाहून "जोमदार" असा शेरा मारतो. दोन्ही चूक. जीएच्या संचात मूळ, कोंब आणि पहिलं पान शाबूत आहे का एवढंच पाहायचं. लांबी आणि रंग मोजणीत घ्यायचे नाहीत, आणि त्या संचावरून जोम ठरवायचा नाही.

ही लांब, फिकट रोपं ज्यांनी भातशेती पाहिली आहे त्यांना ओळखीची वाटतील. भाताला बकानी नावाचा बुरशीजन्य रोग होतो, त्यात रोपं अशीच वेडीवाकडी उंच वाढतात आणि पिवळी पडून मरतात. १९२६ मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की बुरशी वाढवून, ती गाळून टाकून उरलेल्या नुसत्या द्रवानेसुद्धा रोपं उंचावतात. त्या बुरशीच्या तेव्हाच्या नावावरून, जिबरेलावरून, १९३५ मध्ये याबुता या जपानी शास्त्रज्ञाने त्या द्रव्याला जिबरेलिन म्हटलं. भाताचा रोग आणि भाताला जागं करणारं औषध हे मुळात एकच द्रव्य. मग १२ क्विंटल बी जीएत भिजवून राबावर टाकलं तर आवण (लावणीची रोपं) कसं येईल, याचा अंदाज त्या सहाव्या दिवसाच्या रोलवरून करता येतो: उपटताना तुटणारं आणि लावणीच्या चिखलात आडवं पडणारं.

ती बाटली

गटाने आणलेल्या बाटलीवर जिबरेलिक ॲसिड ०.००१ टक्का असं होतं. पिकावर फवारायचं उत्पादन. त्याच्या कामात ते चांगलंही असेल, प्रश्न मात्रेचा आहे. ०.००१ टक्का म्हणजे लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम. ठरवल्याप्रमाणे लिटर पाण्यात ५ मिलिलिटर घातलं असतं तर द्रावणात जीए राहिलं असतं लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. चाचणीला लागतं ५०० मिलिग्रॅम. दहा हजार पट फरक! घोटाळा होतो तो "०.०५" या आकड्याने. एकीकडे टक्का, दुसरीकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि आकडा तोच. बाटली अख्खी ओतली तरी मात्रा गाठता येत नाही.

उलट नाशिक-सांगलीकडे द्राक्षाला वापरतात ते ९० टक्क्यांचं जीए घेतलं तर? किलो बियाला लिटरभर द्रावण धरलं तर १२०० लिटर लागेल, आणि त्यात ६०० ग्रॅम शुद्ध जीए. ग्रॅमच्या पुड्यांत विकली जाणारी वस्तू सहाशे ग्रॅम घ्यायची, ती पण १५ टक्के उगवण वाढवायला. शिवाय भिजवलेलं बी परत साठवता येत नाही. पाऊस आठवडाभर लांबला की मोड आलेलं बी गोणीतच कुजतं.

नायट्रिक आम्लाचा हिशेबही करून पाहिला: १२०० लिटरला साडेसात लिटरहून जास्त तीव्र आम्ल. गावातल्या अंगणात, मुलाबाळांत, प्लास्टिकच्या टबात. हा उपाय सुचवलाच नाही.

एसीतला नमुना आणि पत्र्याखालच्या गोण्या

२ जूनला पाण्याच्या संचाचा ४६चा आकडा हाती आला, तेव्हा मुंबईत सरासरीने मोसमी पाऊस पोचायला, म्हणजे ११ जूनला, नऊ दिवस उरले होते. राब भाजून तयार होते. गटाला आता "झोपलंय" हे माहीत होतं, पण राबावर टाकायचं की नाही हे माहीत नव्हतं. इथे हा ४६ कोणत्या बियाचा आहे, हे पाहणं आवश्यक होतं. तो १९ मेला चाचणीत घातलेल्या बियाचा होता. गोण्यांतलं बी तेव्हापासून दोन आठवडे पुढे गेलेलं.

कोरड्या बियातही झोप उतरत राहते. भातात हा वेग तापमानाला फार संवेदनशील आहे, दर १० अंशांमागे साधारण तिप्पट. हे एक गणित हातात असलं की बरंच काही उलगडतं. ओव्हनमधले ५० अंशांचे ५ दिवस म्हणजे ३० अंशांवरचे ४५ दिवस. ओव्हनने कुठलीही जादू केली नाही, दीड महिना पाच दिवसांत बसवला. पत्र्याच्या गोदामात मेमध्ये दिवसरात्रीची सरासरी ३६ अंश धरली, तर तिथले १५ दिवस म्हणजे ३० अंशांवरचे जवळजवळ २९ दिवस. आणि प्रयोगशाळेतला राखीव नमुना एसीच्या खोलीत, २१ अंशांवर कपाटात होता. त्याचे १५ दिवस म्हणजे जेमतेम साडेपाच दिवस. एकाच लॉटचे दोन तुकडे, एक कर्जतला पत्र्याखाली तापत होता, दुसरा मुंबईत आरामात झोपला होता.

म्हणून ३ जूनला दोन चाचण्या शेजारी लावल्या: एसीतला राखीव नमुना, आणि गोण्यांतून त्याच दिवशी काढलेला ताजा नमुना. दोन्ही तुसासकट, दोन्ही साध्या पाण्यावर, ना उष्णता ना जीए. ताज्या नमुन्यासाठी ४० पैकी दहा गोण्यांतून, वरून, मधून आणि तळातून शिगने (गोणीत खुपसून नमुना काढायच्या सळईने) बी काढायला सांगितलं होतं. पत्र्याला लागून रचलेल्या वरच्या गोण्या जास्त तापतात, तळातल्या कमी, म्हणून नुसत्या वरच्या गोणीतून मूठभर आणलेला नमुना खोटं आशादायक चित्र देतो.

८ जूनच्या पहिल्या मोजणीत गोदामाच्या बियाची ६८ टक्के सामान्य रोपं मोजली गेली. एसीतल्या नमुन्याची २४. १७ जूनची शेवटची मोजणी: गोदाम ८२, एसी ४९.

गटाला उत्तर ८ जूनलाच दिलं. पाचव्या दिवशीच ६८ आलं होतं, बाकीचे दाणे उशिरा येणार हे उघड होतं, आणि गोदामात अजून तीन-चार दिवस उष्ण जाणार होते. पेरणी ठरलेल्या वेळी करा, बी संजीवकात भिजवू नका. नेहमीची मिठाच्या पाण्याची प्रक्रिया, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, वर तरंगणारं पळिंज (पोचट दाणे) काढून टाकायचं, खाली बसलेलं बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. बियाचं प्रमाण वाढवायचं नाही. ४६ टक्के समजून दुप्पट बी टाकलं असतं तर गादीवाफ्यावर रोपांची दाटी होऊन आवण बारीक आलं असतं. ज्यांना रहू पद्धतीने मोड आणून पेरायचं होतं त्यांना एक दिवस जास्त दाबून ठेवायला सांगितलं, कारण अर्धवट उतरलेल्या झोपेत मोड एका वेळी येत नाहीत.

गटातल्या एकाने सुचवलेला उपाय मात्र थांबवावा लागला. उरलेले तीन दिवस काळ्या ताडपत्रीवर भर दुपारी बी पसरून "ओव्हन करायचा" असा त्याचा बेत होता. कल्पना चुकीची नाही, पण काळ्या ताडपत्रीवर बियाचं तापमान ५० अंशांच्या खूप वर जाऊ शकतं, ढग आले की ओलावा धरतो, आणि एकदा ओलं झालेलं बी पुन्हा तापलं की गर्भ मरतो. मेच्या कोरड्या उन्हात, पातळ थरात, तासातासाने वरखाली करत हे चाललं असतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाही.

अहवालात काय लिहिलं

उगवणीचा आकडा प्रक्रियेशिवाय लिहिणं बरोबर नाही. अहवालात तीन ओळी गेल्या. एक, १९ मेचा नमुना, कोणतीही प्रक्रिया नाही: ४६ टक्के, ताजे न उगवलेले ४३. दोन, तोच नमुना, ५० अंश ५ दिवस: ८७ टक्के. तीन, ३ जूनचा गोदामातला नमुना, प्रक्रिया नाही: ८२ टक्के. जीएचा ६१ निरीक्षणांत नोंदवला, निकालात धरला नाही. दुसरी ओळ बी किती जिवंत आहे ते सांगते. राबावर काय उगवेल ते तिसरी सांगते, आणि ती मिळवायला टॉवेल पेपर आणि पाणी यांपलीकडे काही लागलं नाही.

हाच लॉट गव्हाचा असता तर मांडणी वेगळी झाली असती. गव्हाच्या दाण्याला तूस नसतं, मळणीत ते निघून जातं. तिथे ५ ते १० अंशांवर ओल्या कागदावर काही दिवस थंडावा आणि जीए-३चा कागद, हेच आधी करून पाहायचं, आणि चाचणी २० अंशांवर ८ दिवसांत संपते.

एसीतला नमुना अजून कपाटात आहे. त्याच्या पाकिटावर आता तारखेशेजारी तापमानही लिहिलं आहे.